उन्हाळ्यातली हातशिलाई: मांडीवर मावेल एवढंच काम

उन्हाळ्यात हातशिलाई बिघडते ती बहुतेक वेळा दोनच कारणांनी: हाताला घाम येतो आणि मांडीवर कापडाचा ढीग सहन होत नाही. टाके, नक्षी, रंगसंगती हे सगळं त्यानंतर. कापूस भरलेली रजई, लोकरी कापडावरचं भरतकाम, जाड डेनिमची पिशवी ही कामं थंडीत कितीही हौसेची वाटली तरी या दिवसांत बाजूला ठेवा. मांडीवर एका वेळी दीड वीत कापड असावं, सुई जोर न लावता आरपार जावी आणि उकडायला लागलं की अर्ध्या ओळीत सोडून उठता यावं. एवढं जुळलं की साधा धावदोराही तासन्‌तास घालावासा वाटतो.

कापड

सुती मलमल, वायल आणि सैल विणीचं लिनन ही तीन कापडं या कामाला सगळ्यांत चांगली. सैल वीण म्हणजे कापड उजेडासमोर धरलं की उभे-आडवे धागे वेगवेगळे दिसतात. सुई त्यांच्या फटीतून जाते, धागा फोडत नाही. अतिदाट विणीच्या चादरी हाताला रेशमी लागतात म्हणून मोह होतो, पण त्यांच्यात प्रत्येक टाक्याला सुई ढकलावी लागते. घामेजल्या बोटांनी ते अर्ध्या तासात नकोसं होतं. पॉलिएस्टर मिसळलेल्या कापडाची तीच गत, शिवाय त्यावर घातलेली घडी बोटाने दाबून बसत नाही.

वापरून मऊ झालेलं सुती कापड नव्यापेक्षा बरं. ते आटायचं तेवढं आटलेलं असतं आणि त्यातली खळ गेलेली असते. मात्र ते जीर्ण झालेलं नाही ना हे आधी पाहा. उजेडासमोर धरून विरळ जागा शोधा, मग दोन्ही हातांच्या चिमटीत धरून आधी उभ्या, मग आडव्या धाग्याच्या दिशेने झटका द्या. चर्र असा आवाज आला तर ते कापड वरच्या थराला नको. अस्तरालाही नको, कारण टाक्यांच्या भोकांच्या रांगेवरच ते फाटत जातं. शर्टाची पाठ, चादरीच्या कडेच्या पट्ट्या, ओढणीची टोकं या भागांची झीज सहसा कमी झालेली असते.

नवं कापड असेल तर कापण्याआधी कोमट पाण्यात साबण घालून धुवा. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा 3 ते 5 आटू शकतं, लिनन त्याहूनही जास्त. वरचं कापड जुनं आणि खालचं न धुतलेलं नवं अशी जोडी केली, तर काम पूर्ण झाल्यावर पहिल्याच धुण्यात खालचं आखडतं आणि वरच्याला फुगे येतात. ते नंतर इस्त्रीने जात नाहीत.

लाल, गडद निळा आणि काळा या रंगांचा भरवसा धरू नका. कापडाचा कोपरा ओला करून पांढऱ्या कापडाच्या दोन घड्यांमध्ये दाबून अर्धा तास ठेवा. रंग उतरला तर ते कापड पाणी स्वच्छ राहीपर्यंत धुवा, किंवा सरळ दुसऱ्या कामाला ठेवा. गडद दोऱ्याचीही हीच चाचणी घ्या. वीतभर तुकडा पुरतो.

सुई आणि दोरा

सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. भरतकामाच्या सुयांचं नेढं लांबट असतं, त्यामुळे दोऱ्याचे दोन-तीन पदर एकदम ओवता येतात. सहापदरी दोऱ्याचे तीन पदर घेतले तर 7 नंबर, दोन घेतले तर 8 किंवा 9, एकच घेतला तर 10. नेढं दोऱ्यापेक्षा किंचित रुंद असावं, म्हणजे कापडात पडणाऱ्या भोकातून दोरा घासल्याशिवाय जातो. दोरा दर दोन-तीन ओळींनी पिंजत असेल तर शंभरातल्या नव्वद वेळा सुई बारीक असते, दोरा वाईट नसतो.

सहापदरी सुती दोऱ्याची लडी साधारण 8 मीटरची येते. लागेल तेवढा तुकडा कापा आणि पदर एकेक करून वेगळे करा: एका हातात तुकड्याचं टोक सैल धरायचं, दुसऱ्या हाताने एकच पदर सरळ वर ओढायचा. खाली उरलेले पाच गोळा होतात, पण गुंतत नाहीत. तीन पदर एकदम ओढले की गाठ ठरलेली. वेगळे केलेले पदर पुन्हा शेजारी शेजारी ठेवून ओवले की टाका भरलेला दिसतो. न सोडवलेल्या दोऱ्याचा टाका पीळदार आणि किरकोळ दिसतो.

पदर सोडवायचा कंटाळा असेल तर पर्ल कॉटन घ्या. हा दोरा पिळाचाच वापरायचा असतो आणि त्याचे पदर करत नाहीत. 5 नंबर जाड, 8 मध्यम, 12 बारीक. दोन थरांच्या मलमलीवर 12 छान बसतो, लिननवर 8. पाच नंबर मलमलीत ओढला तर भोकं दिसतात.

दोऱ्याची लांबी 45 सेंटिमीटर, म्हणजे बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत. पुन्हा पुन्हा ओवायला लागू नये म्हणून लांबलचक दोरा घेण्याचा आळस सगळ्यांना असतो, पण लांब दोऱ्याचं सुईजवळचं टोक कापडातून शंभरदा घासून निघतं आणि घामट हवेत ते लवकर पिंजतं. शिवताना दोऱ्याला पीळ चढत जातो. दर आठ-दहा टाक्यांनी सुई सोडून दोरा लोंबकळू द्या, ती आपोआप गरगर फिरते आणि पीळ उतरतो. गुंता होण्याआधी हे करायचं असतं. झाल्यावर ओढाओढ करून गाठच घट्ट होते.

सुती दोऱ्यावर मेण फिरवायची सवय असेल तर उन्हाळ्यात हात आखडता ठेवा. मधमाशांचं मेण वितळायला 60 अंशांहून जास्त उष्णता लागते, पण त्याआधीच ते मऊ पडतं, जास्त चिकटतं आणि फिक्या दोऱ्यावर बोटांचा मळ ओढून घेतं. काठ दुमडायच्या दोऱ्याला मेण ठीक आहे. भरतकामाच्या दोऱ्याला नको.

घाम, उजेड, पंखा

घामात क्षार असतात. ते सुईवरच्या मुलाम्याला खातात, सुई खरखरीत होते आणि कापडात अडकायला लागते. अशी सुई दोन बोटांत फिरवली की लगेच कळतं. कुरुंदाची पूड भरलेली छोटी उशी मिळाली तर त्यात सुई चार-पाचदा खुपसली की पुन्हा गुळगुळीत होते. नसेल तर सुई बदला, ती काही आयुष्यभर टिकवायची वस्तू नाही. काम थांबवताना सुई कापडात टोचून ठेवू नका. दमट हवेत एका रात्रीत तपकिरी ठिपका पडतो आणि गंजाचा डाग साबणाने निघत नाही. टाचण्या आणि सेफ्टी पिनांचंही तेच, म्हणून या दिवसांत थर एकत्र धरायला पिनांऐवजी कच्चे टाके घालावेत.

हात थंड पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करा, मांडीवर एक सुती रुमाल ठेवा आणि बोटं अधूनमधून टिपा. पावडर लावू नका. ती टाक्यांत बसते आणि गडद कापडावर राखेसारखी दिसते. क्रीम लावलं असेल तर अर्धा तास थांबा, तेलकट बोटांचा डाग आज दिसत नाही, महिन्याभराने पिवळा होऊन वर येतो. अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलायला बोटात घालायची टोपी, चामड्याचं असेल तर आत बोट भिजतं. धातूचं, टोकाला उघडं असलेलं अंगुस्तान मधल्या बोटात घाला. सुई बोटाच्या बाजूने ढकलायची सवय लागायला थोडा वेळ जातो, पण हवा लागत राहते.

उजेड खिडकीचा सगळ्यांत चांगला, पण थेट ऊन नको. उन्हात टाका दिपून दिसेनासा होतो आणि रंगीत दोरा विटतो. उजव्या हाताने शिवणाऱ्यांनी खिडकी डाव्या अंगाला घ्यावी, म्हणजे हाताची सावली टाक्यावर पडत नाही, डावखुऱ्यांनी उलट. पंख्याचा झोत चेहऱ्यावर घ्या, हातावर नको, नाहीतर सुटे पदर उडून एकमेकांत अडकतात. अर्ध्या तासाने मान वर करून लांब कुठेतरी पाहा. काम डोळ्यांजवळ आणावं, डोळे कामाजवळ नेऊ नयेत: मांडीवर छोटी पाटी किंवा पातळ लाकडी फळी ठेवली तर मान वाकत नाही. उशी ठेवली तर मांडीला घाम येतो.

खुणा करण्याच्या पेनांचं काय होतं

हा भाग बारकाईने वाचा, कारण उन्हाळ्यात सगळ्यांत जास्त कामं इथे नासतात. पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनाची खूण उष्णतेने पक्की होते. तिच्यावर इस्त्री फिरली किंवा काम उन्हात तापलेल्या गाडीत राहिलं, तर ती कायमची राहू शकते. हवेने उडणाऱ्या जांभळ्या पेनाची खूण दमट हवेत काही तासांतच नाहीशी होते. सकाळी आखलं आणि संध्याकाळी शिवायला बसलं तर कोरं कापड हाती येतं. उष्णतेने जाणारी जेल पेनं साधारण 60 अंशांला पुसली जातात, म्हणजे तापलेल्या गाडीत काचेजवळ ठेवलेल्या कामावरची सगळी आखणी अचानक गायब होऊ शकते. वर कडक थंडीत, शून्याच्या बरंच खाली, तीच शाई पुन्हा उमटते. अशा पेनाची खूण दिसणाऱ्या भागावर नको.

सरळ रेघांच्या कामाला पेनाची गरजही नाही. शिंप्याच्या खडूची पातळ रेघ, किंवा त्याहून सोपं म्हणजे बोथट सुईच्या टोकाने मोजपट्टीलगत ओढलेली वळी. मलमल आणि लिनन दोन्हींवर ती ओळ शिवून होईपर्यंत स्पष्ट दिसते. एका वेळी दोन-तीनच ओळी आखा.

सुरुवातीचं काम: दोन थरांचा चौकोन

हा एक चौकोन नीट जमला की पांघरूण, उशीचा अभ्रा, पिशवीची बाजू, भिंतीवरची पट्टी सगळं त्यातूनच होतं. शिवाय तो हातात मावतो, त्यामुळे मोठं पांघरूणसुद्धा कधीच पूर्ण मांडीवर घ्यावं लागत नाही. एकेक चौकोन पुरा करायचा आणि शेवटी जोडायचे.

लागेल ते असं: वरचं कापड 30 × 30 सेंटिमीटर, खालचं 34 × 34, सहापदरी दोऱ्याची एक लडी, कच्च्या टाक्यांना फिका साधा दोरा, काठाला कापडाच्या रंगाचा शिलाईचा दोरा, 7 नंबरची सुई आणि काठासाठी एक बारीक सुई. दोन्ही कापडं धाग्यावर कापा. म्हणजे एक आडवा धागा ओढून काढा आणि त्या फटीवरून कात्री चालवा. डोळ्यांनी सरळ दिसणारी कड बऱ्याचदा तिरकी असते आणि तिरकं कापलेलं कापड शिवताना एका कोपऱ्याकडे ओढलं जातं.

खालचं कापड टेबलावर पसरा, चारी कडा चिकटपट्टीने टेबलाला लावा. ताणायचं नाही, नुसतं सपाट ठेवायचं. वरचं कापड मधोमध ठेवा, चारी बाजूंना खालचं 2 सेंटिमीटर दिसलं पाहिजे. मध्यापासून कडेकडे हाताने सपाट करत 2 ते 3 सेंटिमीटर लांबीचे कच्चे टाके घाला, ओळींमध्ये 8 ते 10 सेंटिमीटर अंतर. कडेकडून मध्याकडे आलात तर जादा कापड मध्ये साठतं आणि तिथे चुणी शिवली जाते. कच्चा दोरा फिकाच हवा. गडद दोरा उसवताना त्याचे तंतू कापडात मागे राहतात.

आता धावदोरा. ओळी 1 सेंटिमीटर अंतराने, कडेपासून 2 सेंटिमीटर आत पहिली, अशा एकूण 27 ओळी होतात. टाका 4 मिलिमीटर, मधली जागाही 4 मिलिमीटर. एका ओळीत सदतीसेक टाके बसतात. 30 सेंटिमीटरच्या ओळीला साधारण 35 सेंटिमीटर दोरा जातो आणि टोकांना 8-10 सेंटिमीटर लागतो, म्हणजे 45 सेंटिमीटरच्या एका दोऱ्यात बरोबर एक ओळ. एका लडीतून असे 17 तुकडे निघतात, तीन-तीन पदर करून 34 दोरे होतात. 27 ओळी होऊन सात उरतात, ते तुटीला.

गाठ वरच्या बाजूला, कडेपासून अर्ध्या सेंटिमीटरवर बांधली तरी चालते. हा भाग पुढे चौकटीखाली झाकला जाणार आहे. ओळीच्या शेवटी त्याच पट्टीत दोन छोटे उलटे टाके घालून दोरा कापा. मध्ये कुठेही दोरा सुरू करायचा किंवा संपवायचा नाही, त्यामुळे मागची बाजू पुढच्याइतकीच स्वच्छ राहते.

पहिली ओळ मधोमध घाला. मग तिच्या एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला, असं कडेकडे जा. लागोपाठच्या ओळींची दिशा उलटसुलट ठेवा: एक उजवीकडून डावीकडे, तर पुढच्या ओळीला कापड फिरवून घ्या. सगळ्या ओळी एकाच दिशेने घातल्या तर प्रत्येक ओळीत वरचा थर सुईबरोबर केसभर सरकतो आणि सत्तावीस ओळींनंतर चौकोनाचा समांतरभुज चौकोन झालेला असतो.

सुईवर एका वेळी चार-पाच टाके घ्यायचे, कापड सुईवर सरकवायचं, सुई हलवायची नाही. दोरा ओढला की थांबा. डाव्या हाताने ओळीची सुरुवात धरा आणि उजव्या हाताच्या अंगठा-तर्जनीने त्या चार-पाच टाक्यांवरून कापड पुढे निपटा, जणू घडी मोडताय. आवळलेला दोरा कापडात परत वाटला जातो. सगळ्या कामात हीच एक हालचाल सांभाळायची आहे. ती विसरली की कापड गोळा होतं. दर वेळी केली की टाके सैल, सपाट आणि किंचित फुगीर बसतात.

टाका आणि जागा समसमान ठेवली की कापडभर बारीक लहरी उठतात. साशिको या जपानी धावदोऱ्याच्या भरतकामासारखा ठसठशीत टाका हवा असेल तर वरचा टाका जागेपेक्षा मोठा ठेवा, साधारण तीनास दोन, आणि दोराही जाड, कमी पिळाचा घ्या. साशिकोत रेघा एकमेकींना छेदतात तिथे टाक्यावर टाका चढवत नाहीत, मधली जागा कोरी सोडतात. पण सुरुवातीला टाक्यांची लांबी मोजत बसू नका. ओळ सरळ आहे आणि एका ओळीतले टाके एकमेकांसारखे आहेत एवढं पुरतं. 4 च्या जागी 5 मिलिमीटर पडले तर कोणी विचारत नाही.

न घाईने एका ओळीला पाच-सहा मिनिटं लागतात, म्हणजे पूर्ण चौकोन तीनेक तासांचं काम. ते तीन-चार बैठकींत वाटा. एका दमात केलं तर शेवटच्या ओळी आवळलेल्या निघतात, कारण थकलेला हात दोरा जास्त ओढतो.

ओळी झाल्या की कच्चे टाके उसवा आणि चौकट करा. खालच्या कापडाच्या कोपऱ्याचं टोक वरच्या कापडाच्या कोपऱ्याला टेकेल असं तिरकं दुमडा. मग प्रत्येक बाजूची 2 सेंटिमीटर पट्टी आधी निम्मी आत दुमडा, म्हणजे तिची कच्ची कड वरच्या कापडाच्या कडेला भिडेल. परत एकदा दुमडून वर आणा. एक सेंटिमीटरची चौकट तयार होते, गाठी आणि कच्च्या कडा दोन्ही तिच्याखाली जातात आणि कोपऱ्यात आपोआप तिरकी शिवण येते. बारीक सुईने, एकेरी दोऱ्याने, 3 मिलिमीटरवर एकेक लपता टाका घाला: सुई चौकटीच्या घडीतून सरकवायची, बाहेर काढून वरच्या कापडाचे दोन-तीन धागे उचलायचे, पुन्हा घडीत जायचं.

जोडताना

इतकं करूनही प्रत्येक चौकोन थोडा आवळतो, आणि सगळे सारखे आवळत नाहीत. एक 29 सेंटिमीटरचा भरेल, दुसरा साडेअठ्ठावीसचा. म्हणून पांघरूण करायचं असेल तर आधी सगळ्या चौकोनांच्या ओळी पूर्ण करा, चौकट एकाचीही नको. मग सगळ्यांत लहान चौकोन प्रमाण धरा आणि बाकीच्यांची चौकट दोन-तीन मिलिमीटर आत ओढून त्याच मापाची दुमडा. नऊ चौकोन तीन-तीनच्या ओळींत जोडले तर 85 ते 87 सेंटिमीटरचं पातळ पांघरूण होतं.

दोन चौकोनांच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवा, कडा जुळवा आणि वरून वळसा घालत 2 ते 3 मिलिमीटर अंतराने टाके घाला. प्रत्येक कडेचे दोन-तीनच धागे पकडायचे. जास्त खोल गेलात तर उघडल्यावर मध्ये वरवंट्यासारखी जाड वळी राहते. आधी तीन-तीनच्या पट्ट्या करा, मग पट्ट्या एकमेकींना जोडा. शेवटच्या दोन जोडण्यांनाच काय ते मोठं कापड हातात येतं. त्या सकाळी लवकर उरका.

लक्षण आणि कारण

ओळींच्या कडेला चुण्या दिसतात, पण मध्ये कापड सपाट आहे: शेवटचे उलटे टाके घालताना दोरा आवळला गेला. ते दोन टाके उसवून ओळ निपटा आणि सैल संपवा. दोरा सारखा एकाच जागी तुटतो: नेढ्याची कड खरखरीत आहे, सुई टाका. मागच्या बाजूचे टाके टिंबाएवढे आणि पुढचे लांब: सुई फार आडवी जातेय, ती थोडी उभी टोचा. टाक्याच्या भोवती कापडाला छोटे दोरे ओढल्यासारखे दिसतात: सुईचं टोक बोथट झालं किंवा वाकलं. पांढऱ्या कापडावर गडद दोऱ्याची सावली थरांमधून दिसते: टोक मध्ये भटकलंय, चौकट शिवण्याआधी ते ओढून कापा, नंतर हात पोचत नाही.

कापड ताणून धरणारी भरतकामाची रिंग वापरत असाल तर बैठक संपली की ती काढा. रिंगेखाली घाम आणि धूळ साठून जो गोल राहतो तो धुऊनही पुसट दिसत राहतो. तसं पाहिलं तर धावदोऱ्याला रिंग नकोच; ताणलेल्या कापडावर चार-पाच टाके एकदम सुईवर घेता येत नाहीत. साखळी टाका, भरीव टाका, गाठी टाका यांना ती हवी.

कपड्याला ठिगळ

पातळ सुती शर्ट किंवा कुर्ता कोपरावर विरला असेल तर उन्हाळ्याच्या दुपारी यासारखं काम नाही. विरलेल्या भागाच्या चारी बाजूंना 2 सेंटिमीटर जास्त येईल असं ठिगळ कापा, कपड्याच्याच वजनाचं किंवा त्याहून हलकं. जाड ठिगळ स्वतः टिकतं आणि त्याच्या कडेलाच कपडा फाटतो. ठिगळ आतून लावा, उभा धागा उभ्या धाग्याशी जुळवा, कच्चे टाके घाला. मग 5 मिलिमीटर अंतराने समांतर ओळी, भोकाच्या पलीकडे चांगल्या कापडात किमान दीड सेंटिमीटर जाऊन वळायचं. सगळ्या ओळी एकाच रेषेवर थांबवू नका. काही लांब, काही आखूड ठेवल्या तर ताण एका धाग्यावर येत नाही. वळताना मागे दोऱ्याची अगदी छोटी सैल कडी सोडा. कापड धुण्यात हललं की ती कडी पुरवठा करते, नाहीतर वळणावर चुणी येते.

ताणल्या जाणाऱ्या होजिअरीला ही पद्धत लावायची तर गोल टोकाची सुई घ्या आणि ओळी तिरक्या घाला. सरळ आडव्या ओळी पहिल्याच ताणाला तुटतात.

मलमलीच्या रुमालाचा गुंडाळता काठ

हे काम खिशात मावतं. एकेरी पातळ दोरा, 10 नंबर सुई. कडेपासून 6 मिलिमीटरवर एक बारीक धावदोरा घाला आणि त्याबाहेरचं कापड निम्मं कापून टाका, पण एका वेळी हातभरच. सगळी कड आधी कापली तर शेवटपर्यंत पोचेस्तोवर दशा निघतात. धावदोऱ्याच्या किंचित आत कड उलट बाजूला दुमडा. आता कच्च्या कडेलगत मूळ कापडाचा फक्त एक धागा उचला, मग घडीतून 5 मिलिमीटर सुई सरकवा, पुन्हा एक धागा, पुन्हा घडी. दोरा ओढायचा नाही. असे पाच-सहा टाके झाले की दोरा हळूच ओढा, कड स्वतःहून आत वळते आणि दोरा दिसेनासा होतो. वळली नाही तर घडी फार रुंद घेतली आहे. बोटं किंचित दमट असतील तर काठ जास्त चांगला वळतो, तेव्हा या एका कामात घामाची तक्रार नको.

बाहेर नेताना

पातळ डबीत दोन सुया कोरड्या फेल्टच्या पानात टोचून, 45 सेंटिमीटरचे कापलेले दोरे पुठ्ठ्याच्या पट्टीला भोकं पाडून त्यात अडकवलेले, अंगुस्तान, छोटी कात्री आणि एक चौकोन. विमानात हातातल्या सामानात कात्रीचे नियम ठिकाणागणिक बदलतात, तेव्हा आधी पाहून घ्या. दोरे आधीच कापलेले असतील तर तिची गरजही कमी पडते. डबी गाडीत काचेखाली ठेवू नका, पेनांचं काय होतं ते वर आलंच आहे.

धुणं आणि ठेवणं

काम स्वच्छ दिसत असलं तरी ठेवण्याआधी धुवा. घाम आणि हाताचं तेल त्यात मुरलेलं असतंच. पेनाच्या खुणा असतील तर आधी नुसत्या थंड पाण्यात बुडवून ठेवा, साबण नाही, गरम पाणी नाही. खुणा पूर्ण गेल्या की मगच सौम्य साबण. पिळू नका. टॉवेलात गुंडाळून दाबा, सावलीत सपाट वाळवा आणि किंचित ओलं असताना उलट बाजूने, खाली जाड टॉवेल घेऊन इस्त्री करा, म्हणजे टाके चेपत नाहीत. पूर्ण कोरडं झाल्यावरच घडी घाला, आणि पावसाळी दमट दिवस येण्याआधी ते सुती कापडात गुंडाळून ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल अडकते.